लवकर दूध तोडलेली वासरं वाढीत का अडकतात आणि खाल्लेलं अंगी का लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. होल्स्टीनची सात वासरं, रोज ६ लिटर दूध चालू होतं, स्टार्टर, म्हणजे वासरांचा पहिला दाणा-खुराक, तिसऱ्या आठवड्यात समोर ठेवायला सुरुवात केली, आणि पस्तिसाव्या दिवशी सगळ्यांचं दूध एकाच दिवशी बंद केलं. आता त्याला बारा दिवस झालेत. चार वासरांचं वजन जिथल्या तिथे आहे, दोघांचं घटलंय, एकच बरं चाललंय, पोटं सुटल्यासारखी दिसतायत, केस राठ झालेत. स्टार्टर किती खातात तर सातांत मिळून दिवसाला साडेपाच-सहा किलो संपतं. एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खुराक लागला ते, काढला तर आकडा भयंकर येतोय, म्हणून स्टार्टरचा ब्रँड बदलू का की एखादं सप्लिमेंट चालू करू, असं विचारलंय.

ब्रँड आत्ता बदलू नका आणि सप्लिमेंटही नको. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, सातांत सहा किलो म्हणजे एका वासराला सरासरी ८००-८५० ग्रॅम, आणि तीही सरासरी, म्हणजे ते एक बरं चाललेलं वासरू दीड किलोच्या आसपास खात असणार आणि मागे पडलेली दोघं कदाचित अर्ध्या किलोवर असणार. एवढ्यावर या वयाचं वासरू वाढूच शकत नाही, जगातलं सगळ्यात भारी स्टार्टर दिलं तरी. हे मी हिशोबानेच दाखवतो, कारण एकदा हा हिशोब डोक्यात बसला ना की लवकर दूध तोडण्यातल्या बाकी सगळ्या गोष्टी आपोआप समजतात.

वासरू जे खातं त्यातून आधी त्याचा स्वतःचा रोजचा खर्च भागतो, म्हणजे श्वास, रक्त फिरणं, अंग गरम ठेवणं, उठबस. त्यातून जे उरेल तेवढंच हाडामांसाला लागतं. ६० किलोच्या वासराचा हा रोजचा खर्च ढोबळमानाने २.२ मेगाकॅलरी (हे ऊर्जेचं माप) धरा. चांगलं स्टार्टर एक किलो, पोत्यातून काढलं तसं, ओलावा धरून, त्यातून साधारण २.६ मेगाकॅलरी मिळतात. आता बघा, ७०० ग्रॅम खाल्लं तर १.८ च्या आसपास मिळाले, म्हणजे रोजचा खर्चसुद्धा भागला नाही, वासरू अंगातलं जाळून जगतंय. एक किलो खाल्लं तर खर्च भागून ०.४ उरले, त्यातून दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास वाढ. दीड किलो खाल्लं तर साडेचारशे ग्रॅमच्या पुढे वाढ. आणि दोन किलो खाल्लं तर सातशे ग्रॅमच्या वर. म्हणजे स्टार्टर एका किलोवरून दोन किलोवर गेलं, दुप्पट झालं, पण वाढ दुप्पट नाही तर चौपट-पाचपट झाली.

हेच एफसीआरमध्ये मांडा. एक किलो खाणारं वासरू एक किलो वजन वाढवायला जवळजवळ सहा किलो कोरडा खुराक खातं, दीड किलो खाणाऱ्याला तीन किलोच्या आत लागतो, आणि दोन किलो खाणाऱ्याला अडीचच्याही खाली. वासरू तेच, पोतंही तेच. म्हणून मी नेहमी सांगतो की गोठ्यातलं सगळ्यात महाग जनावर म्हणजे अर्धपोटी वासरू, ते कमी खातं म्हणून आपल्याला वाटतं वाचतंय, पण जे खातं ते सगळं नुसतं जगण्यात जातं, वाढीला काहीच उरत नाही. तुमचा आकडा भयंकर येतोय तो खुराक वाईट आहे म्हणून नाही, खुराक पोटात जातच नाहीये म्हणून.

आता दुसरी बाजू. ६ लिटर गाईचं दूध म्हणजे साडेबारा टक्के घन पदार्थ धरले तर ७५० ग्रॅम कोरडं, आणि दुधाच्या कोरड्या भागात ऊर्जा फार दाट असते, त्यामुळे त्यातून जवळजवळ ४ मेगाकॅलरी मिळतात. म्हणजे पस्तिसाव्या दिवशी तुम्ही एका वासराच्या तोंडातून एका दिवसात ४ मेगाकॅलरी काढून घेतल्या, आणि त्या भरून काढायला त्याने दुसऱ्या दिवसापासून आधीच्यापेक्षा दीड किलो जास्त स्टार्टर खायला हवं होतं. दोन आठवड्यांपूर्वी ज्याने पहिल्यांदा स्टार्टरला तोंड लावलं ते वासरू हे करूच शकत नाही, त्याची इच्छा असली तरी. त्यात त्याची चूक नाही, पोटच तयार नसतं.

पोटाचं थोडं सांगतो कारण इथेच बरेच गैरसमज आहेत. वासरू जन्मतं तेव्हा कोटीपोट, म्हणजे रवंथाचं मोठं पोट, लहान आणि जवळजवळ निकामी असतं, काम करतं ते चौथं पोट. वासरू दूध पितं तेव्हा अन्ननलिकेच्या टोकाला एक पन्हाळ तयार होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जातं, त्यामुळे कितीही दूध पाजलं तरी कोटीपोट त्याने वाढत नाही. स्टार्टर आणि मोकळं पाणी मात्र कोटीपोटात पडतं. तिथे जंतू स्टार्टरमधला स्टार्च आंबवतात, त्यातून ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लं तयार होतात, आणि या आम्लांमुळे, विशेषतः ब्युटिरिकमुळे, पोटाच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे उंचवटे येतात ज्यांना पॅपिली म्हणतात. खुराकातली ऊर्जा रक्तात शोषली जाते ती या पॅपिलींमधून. त्या नसतील तर वासराने खाल्लं तरी शोषायला जागाच नाही. आणि त्या एका दिवसात येत नाहीत, वासरू खऱ्या अर्थाने स्टार्टर खायला लागल्यापासून साधारण तीन आठवडे लागतात. खऱ्या अर्थाने म्हणजे रोज दोन-अडीचशे ग्रॅम तरी, नुसतं बादलीत तोंड घालून चाटलं ते धरायचं नाही.

म्हणजे पस्तिसाव्या दिवशी दूध तोडायचं असेल तर चौदाव्या-पंधराव्या दिवशी वासरू रोज मूठ-दोन मुठी स्टार्टर खात असायला हवं, आणि त्यासाठी स्टार्टर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच समोर असायला हवं. तुम्ही ते तिसऱ्या आठवड्यात ठेवलंत. त्यात ६ लिटर दूध पिणाऱ्या वासराला भूक तशीही कमी असते, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ते स्टार्टरकडे फार बघत नाही. भरपूर दूध वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट मी भरपूर दुधाच्याच बाजूचा आहे. पण भरपूर दूध आणि लवकर, तेही झटक्यात, तोडणं या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. जुनी पद्धत होती रोज ४ लिटर दूध आणि चार-पाच आठवड्यांत बंद, त्यात वासरू अर्धवट उपाशी असल्यामुळे स्टार्टर लवकर धरायचं आणि दूध तोडताना झटका कमी बसायचा, पण पहिला महिनाभर वाढ बेताचीच. जास्त दुधाच्या पद्धतीत पहिली वाढ छान होते पण मग दूध कमी करायला दहा-चौदा दिवस द्यावे लागतात, आणि पूर्ण बंद करणं सहा-आठ आठवड्यांकडे सरकतं. दोन्ही चालतात. एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा शेवट असं केलं की मग हे होतं.

अजून एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्टार्टरच्या पोत्यावर जी ऊर्जा लिहिलेली असते किंवा आपण तक्त्यात धरतो, ती तयार पोटाच्या वासरासाठी असते. वासराने जन्मापासून एकूण १५ किलो नॉन-फायबर कार्बोहायड्रेट, म्हणजे स्टार्च आणि साखर वगैरे, पोटात घातलं की मग त्याचं पचन त्या पातळीला येतं असं संशोधनातून पुढे आलंय. स्टार्टरमध्ये निम्म्याच्या आसपास हा भाग असतो, म्हणजे एकूण ३० किलो किंवा थोडं जास्त स्टार्टर. तुमच्या वासरांनी पस्तिसाव्या दिवसापर्यंत एकूण किती खाल्लं असेल? चार-पाच किलो? म्हणजे वरचा मी मांडलेला हिशोबसुद्धा त्यांच्यासाठी जरा उदारच आहे, त्यांना एक किलो स्टार्टरमधून २.६ मेगाकॅलरी मिळतही नसतील. तंतू तर या वयात फारच कमी पचतो.

त्यामुळे दूध कधी तोडायचं याचं माझं उत्तर दिवसात नसतं. वासरू सलग तीन दिवस रोज किमान एक किलो स्टार्टर खातंय, आणि तेही दूध आधीच निम्म्याहून कमी केलेलं असताना, मग उरलेलं दूध बंद. होल्स्टीनसारख्या मोठ्या वासराला मी तर सव्वा-दीड किलोपर्यंत थांबतो, वरचा हिशोब बघितलात तर का ते कळेल. जर्सीसारख्या लहान जातीत वासरूच लहान असतं, त्याचा रोजचा खर्चही कमी, म्हणून तिथे वजनाच्या प्रमाणात आकडा खाली येतो. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन वासरांमध्येही दहा-बारा दिवसांचा फरक पडतो, एक पस्तिसाव्या दिवशी तयार, दुसरं पंचेचाळिसाव्या. ज्याला जन्मतः त्रास झाला, ज्याला पहिल्या पंधरवड्यात हगवण लागली, ते मागे राहतंच. त्याला बाकीच्यांच्या तारखेला बांधणं हा त्या जिवावर अन्याय आहे, मला ते बघवत नाही.

मी स्वतः हे चुकून शिकलोय. सुरुवातीच्या काळात आम्ही कॅलेंडरवर खूण करून दूध बंद करायचो, सगळ्यांचं एकाच दिवशी, कारण कामाला सोपं पडायचं. काही वासरं धरायची, काही गळायची, आणि गळालेल्यांना आम्ही जंताचं औषध, टॉनिक, काय काय द्यायचो. एकदा एका तुकडीला प्रत्येकाची बादली वेगळी केली आणि रोज सकाळी उरलेलं मोजून वहीत लिहायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की गळणारी वासरं दूध तोडायच्या आदल्या आठवड्यात तीनशे-चारशे ग्रॅमवर होती. आजारी नव्हती, तयारच नव्हती. त्या वहीने जेवढं शिकवलं तेवढं मला दुसऱ्या कशाने शिकवलं नाही, म्हणून मोजा, काहीही करून मोजा, घरातला साधा काटा चालतो.

आता स्टार्टर वासराच्या पोटात लवकर कसं जाईल ते. तिसऱ्या दिवसापासून एक मूठ, जास्त नको. रोज सकाळी उरलेलं काढून मोठ्या वासरांना टाका आणि ताजं ठेवा, लाळेने भिजलेलं आंबूस स्टार्टर वासरू हुंगून सोडून देतं. दूध पाजून झालं की लगेच तोंडाशी थोडं स्टार्टर धरा, त्या वेळी वासराला चोखायची ओढ असते, बोटाला लावलं तर चाटतं. त्यात धूळ नको, फार बारीक दळलेलं नको. भरडलेला मका, गोळ्या, थोडी मळी टाकून चिकटवलेलं असं जाडंभरडं मिश्रण वासरं आवडीने खातात, पीठ झालं की नाकात जातं, तोंडाला चिकटतं, आणि पोटात फार झपाट्याने आंबतं. प्रोटीन १८ ते २० टक्के, लवकर तोडायचं असेल तर मी २० च्या बाजूला राहतो कारण कोटीपोटातले जंतू अजून पुरेसं प्रोटीन बनवून देत नाहीत. ते प्रोटीन सोयापेंडीसारख्या चांगल्या पेंडीतून यायला हवं. युरिया असलेला मोठ्या जनावरांचा खुराक या वयात अजिबात नको. सरकी पेंडही नको, तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य लहान वासराला बाधतं, मोठी गाय पचवते म्हणून वासरू पचवेल असं नाही.

पाणी. याच्यावर मी थोडा अडून बसतो कारण सगळ्यात स्वस्त गोष्ट आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष. दूध पाजतो ना, मग पाणी कशाला, असं अनेकांना वाटतं. पण दूध चौथ्या पोटात जातं, कोटीपोटातल्या जंतूंना ते मिळत नाही, आणि पाण्याशिवाय स्टार्टर आंबणार कसं. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत वासरांना पाणी न देता नुसतं दूध आणि स्टार्टर दिलं तर स्टार्टर खाणं ३१ टक्क्यांनी आणि वजनवाढ ३८ टक्क्यांनी घटली होती. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी, दिवसरात्र. एक किलो स्टार्टरमागे चार लिटर पाणी लागतं असं धरा, म्हणजे दूध बंद झाल्यावर ६-८ लिटर सहज. थंडीत कोमट दिलं तर जास्त पितात. आणि पाण्याची बादली स्टार्टरच्या बादलीला चिकटून ठेवू नका, मध्ये अंतर ठेवा किंवा फळी लावा, नाहीतर पाणी पिऊन ओलं तोंड स्टार्टरमध्ये आणि स्टार्टरचं तोंड पाण्यात, दोन्ही खराब.

चाऱ्याचं काय, कारण पोटं सुटलीत म्हणालात. तुम्ही लिहिलं नाहीये पण मला वाटतं दूध बंद केल्यावर गव्हाणीत चारा भरपूर टाकलाय, बरोबर ना? बहुतेक जण टाकतात, आतडं भरावं, रवंथ करावी म्हणून. अडचण अशी की चाऱ्यातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल तयार होतं, त्याने पॅपिली फारशा वाढत नाहीत, पोटाचा पिशवीसारखा आकार आणि स्नायू वाढतात. आणि या वयात चारा पचत कमी असल्यामुळे तो पोटात पडून राहतो, जागा अडवतो, स्टार्टर आणखी कमी जातं. वरून पोट गोल, पाठीवर हात फिरवला तर कणा हाताला लागतो, ते हेच. म्हणजे पोट भरलेलं आणि वासरू उपाशी. पण चारा शून्यच करा असंही मी म्हणणार नाही. स्टार्टर बारीक किंवा नुसतं गोळ्यांचं असेल तर वाळलेल्या चांगल्या गवताची दोन-तीन सेंटीमीटरची कुट्टी, एकूण खाण्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास, दिल्याने उलट स्टार्टरचं खाणं वाढतं, कारण पोटातली आंबटाई आटोक्यात राहते आणि पोटाचं अस्तर घासून स्वच्छ राहतं. एक किलो खाणाऱ्या वासराला ५० ग्रॅम म्हणजे एक मूठभर. मुठीच्या जागी पेंढी टाकली की फायद्याचं नुकसान होतं.

आंबटाईवरून आठवलं, एखादं वासरू एक दिवस दीड किलो खातं, दुसऱ्या दिवशी चारशे ग्रॅम, परत दीड किलो, आणि शेण सैल, राखाडी, फेसाळ, त्यात मक्याचे दाणे दिसतायत, तर ते पोटात आम्ल वाढल्याचं लक्षण समजा. तिथे स्टार्टरची जाडी बघा, पीठ किती आहे बघा, आणि ती मूठभर कुट्टी चालू करा.

वजनाबद्दल एक सावधगिरी, एफसीआर मोजणाऱ्यांसाठी खास. दूध बंद झालं की वासराच्या पोटात खुराक, पाणी, चारा साठतो आणि काट्यावर वजन वाढलेलं दिसतं, पण ते मांस नसतं, पोटातला माल असतो. त्यामुळे तुमच्या चार वासरांचं वजन जिथल्या तिथे दिसतंय ना, त्यांचं अंग प्रत्यक्षात थोडं उतरलेलंच असणार, पोटाने ते झाकलंय. म्हणून दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांचा एफसीआर काढून त्यावर निर्णय घेऊ नका, तो आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. जन्मापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा एकूण हिशोब करा, किती दुधाचा कोरडा भाग, किती स्टार्टर, किती वजन वाढलं. दूध-स्टार्टरच्या काळात एक किलो वाढीला दोन किलोच्या आत कोरडा खुराक लागतो, नंतर अडीच-तीन, हे नैसर्गिक आहे, कारण दूध जवळजवळ सगळं पचतं आणि स्टार्टर तेवढं पचत नाही. त्यामुळे लवकर दूध तोडलेल्या वासराचा एफसीआर दुधावरच्या वासरापेक्षा वाईटच दिसणार, त्याने घाबरू नका. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, सकाळी खायच्या आधी. काटा नसेल तर छातीच्या घेराची टेप चालते, पण दर वेळी मोजणारा माणूस तोच हवा. आणि माकडहाडाजवळची उंचीही मोजत जा, उंची पोटातल्या पाण्याने वाढत नाही, हाडं वाढतायत की नाही ते तीच खरं सांगते.

ध्येय म्हणून ५६ दिवसांत जन्मवजन दुप्पट, हे धरा. ४० किलोचं वासरू ८० किलोवर, म्हणजे रोज सातशे ग्रॅमच्या थोडं वर. एवढा अट्टाहास कशासाठी, तर कॉर्नेल विद्यापीठाच्या गोठ्यावरच्या २०१२ साली आलेल्या अभ्यासात दूध तोडण्याआधी रोजची वाढ एक किलोने जास्त असेल तर पहिल्या वेतात सुमारे ८५० किलो जास्त दूध, असा संबंध दिसला होता. एक किलोचा फरक प्रत्यक्षात कोणाकडे नसतो, पण दोन-तीनशे ग्रॅमचा नक्की असतो, त्याचं प्रमाण तुम्हीच काढा. आता गोठ्यात अंग आखडून उभी असलेली ही वासरं दोन वर्षांनी तुमच्या दुधाच्या गाई आहेत.

थंडी असेल तर सगळे हिशोब बदलतात. तीन आठवड्यांच्या आतलं वासरू १५ अंशांच्या खाली गेलं की अंग गरम ठेवायला जास्तीची ऊर्जा जाळायला लागतं, मोठं झालं की थोडी जास्त थंडी सोसतं. कडाक्याच्या थंडीत लवकर तोडायच्या भानगडीत मी पडत नाही, आठवडा-दोन आठवडे पुढे ढकलतो आणि खाली कोरडी जाड गादी ठेवतो ज्यात वासराचे पाय बुडतील.

आणि दूध तोडण्याच्या आठवड्यात दुसरं काहीही करू नका. शिंगं जाळणं, लस, जागा बदलणं, मोठ्या कळपात सोडणं, स्टार्टर बदलणं, यातलं प्रत्येक एकेकटं वासरू सोसतं, एकत्र आलं की खाणं बंद होतं. दूध बंद झाल्यावर किमान दोन आठवडे तेच स्टार्टर, तीच जागा. म्हणूनच वर म्हणालो आत्ता ब्रँड बदलू नका. जागा बदलून गटात गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्ताची हगवण दिसली तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, डोक्यात ठेवा आणि शेण तपासून डॉक्टरांकडून उपचार घ्या. स्टार्टरमध्ये त्यांना रोखणारं मोनेन्सिनसारखं औषध असेल तर ते प्रमाणातच हवं, आणि घोड्याच्या तोंडी ते चुकूनही जाऊ देऊ नका, घोड्याला ते जीवघेणं आहे.

आता तुमच्या सात जणांचं. ज्या दोघांचं वजन घटलंय त्यांना उद्यापासून परत दूध चालू करा, रोज ३ लिटर, एकाच वेळी, सकाळी, ३८-४० अंशांचं. मागे जातोय असं वाटून घेऊ नका, वासरू दूध विसरलेलं नसतं, निप्पलने दिलं तर बरोबर जागी जातं. हे दहा दिवस, आणि स्टार्टर एक किलोवर आलं की दीड लिटर, सव्वा किलोवर टिकलं की बंद. मधल्या चारांचं आधी प्रत्येकाचं वेगळं खाणं तीन दिवस मोजा, जे ७०० ग्रॅमच्या खाली असेल त्यालाही पाच-सात दिवस २ लिटर द्या, बाकीच्यांना दूध नको. गव्हाणीतला चारा काढून घ्या आणि प्रत्येकाला फक्त एक मूठ कुट्टी. पाणी रात्री भरलेलं आहे का ते स्वतः जाऊन बघा, दिवसा असतं आणि रात्री बादली कोरडी, हे मी कितीतरी गोठ्यांत बघितलंय. जंत असतील असं वाटलं तरी शेण तपासल्याशिवाय औषध नको.

ते जे एक बरं चाललेलं आहे त्याला एकटं ठेवू नका, दूध बंद होऊन दोन आठवडे भरले की मधल्या चारांतल्या एखाद्याच्या जोडीला ठेवा. जोडीने ठेवलेली वासरं एकमेकांचं बघून स्टार्टर लवकर धरतात आणि जास्त खातात, दूध तोडल्यावर हंबरतातही कमी. फक्त स्टार्टरच्या बादल्या दोन ठेवा आणि लांब ठेवा, नाहीतर धटिंगण दोन्ही संपवेल. घटलेल्या दोघांच्या जोडीला मात्र ते नको, ती दोघं एकमेकांसोबत बरी.

दहा दिवसांनी मला एवढंच कळवा, प्रत्येकाचं रोजचं स्टार्टर ग्रॅममध्ये, वजन, आणि शेण कसं आहे. त्यावरून कोणाचं दूध कधी बंद करायचं ते एकेकाचं वेगळं सांगतो.